शेतीप्रयोगांसाठी आरवर शाइनी ॲप बांधायचं आहे? इथून सुरुवात करा

नागपुरात शेतीप्रयोगांच्या आकड्यांना तोटा नाही. वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची संस्था आणि मृदा सर्वेक्षण ब्युरो, तर महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय. थिसिस लिहायला बसलं की प्रत्येकाला तेच आकडे हवे असतात: एसई(एम) म्हणजे सरासरीची प्रमाणत्रुटी, सीडी म्हणजे दोन सरासरी वेगळ्या मानायला लागणारा किमान फरक, आणि सीव्ही म्हणजे प्रयोगातला चढउतार, सरासरीच्या टक्क्यांत. आर हे संख्याशास्त्राचं मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर ते क्षणात काढून देतं. पण कन्सोलवर कोड टाइप करायचा म्हटलं की पुष्कळ जण परत एक्सेलकडे वळतात, नाहीतर फाइल दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होतात.

तुम्हाला थोडंफार आर येत असेल आणि विभागातल्या कोड न लिहिणाऱ्या मंडळींसाठी शाइनीने, म्हणजे आर कोडला ब्राउझरमधला पडदा देणाऱ्या पॅकेजाने, बटणं-मेनू असलेलं ॲप बांधायचं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलं आहे: आरबीडी, म्हणजे शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट (तुलना करायचे पर्याय, उदाहरणार्थ खतांचे डोस) एकेकदा दिलेला साधा प्रयोग.

संख्याशास्त्राच्या ॲपने झटपट उत्तर देणं सोपं आहे. डेटा चुकीचा असेल तेव्हा थांबणं आणि दिलेलं उत्तर कसं आलं ते दाखवणं, हे अवघड आहे. म्हणून इथे रंग आणि फॉन्टपेक्षा फाइल तपासण्यावर जास्त जागा गेली आहे.

हाताशी काय हवं

- आर ४.२ किंवा त्यापुढची आवृत्ती. विंडोजवर या आवृत्तीपासून आर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवणारी अक्षरांची पद्धत) वापरतं, त्यामुळे देवनागरीचा निम्मा त्रास तिथेच संपतो. मात्र विंडोज १० फार जुनं नको, १९०३ किंवा त्यानंतरचं हवं.
- आरस्टुडिओ डेस्कटॉप (आर कोड लिहायचा आणि चालवायचा प्रोग्राम), मोफत आवृत्ती.
- पॅकेजेस, म्हणजे आरला जोडायचे तयार कोडसंच: शाइनी, बीएसलिब, रीडएक्सएल, राइटएक्सएल, रॅग आणि रेनव्ह.
- आधीच हाताने सोडवलेला, गाइडने तपासलेला एक आरबीडी प्रयोग. याच्याशिवाय सुरुवातच करू नका.
- विभागातल्या तीन-चार जणांच्या खऱ्या एक्सेल फाइली, जशा आहेत तशा. कोणालाही त्या आधी नीट करून द्यायला सांगू नका.

पॅकेज टाकताना विंडोजवर कधीकधी प्रश्न येतो, नवी आवृत्ती सोर्समधून बांधायची का? 'नाही' म्हणा. 'हो' म्हटलं की पॅकेज बांधायचं आरटूल्स हे वेगळं साधन लागतं, आणि ते नसेल तर इन्स्टॉलेशन अर्ध्यात अडकतं.

या लेखात फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान-मोठी अक्षरं सांभाळून लिहायची. आरला तो फरक कळतो आणि तो तुम्हाला माफ करत नाही.

१. आधी तयार आहे ते उघडून बघा

नवं बांधायच्या आधी एक आठवडा या तीन गोष्टींना द्या. जॉन फॉक्स यांचं आर कमांडर हे जुनं आणि टिकाऊ काम आहे. टीसीएल-टीके या खिडक्या बनवणाऱ्या साधनावर ते उभं आहे. मेनूतून एखादी चाचणी निवडली की तिचा आर कोड वरच्या स्क्रिप्टच्या चौकटीत आपोआप उमटतो. वापरणारा क्लिक करतो, पण हातात स्क्रिप्ट उरते. ही एक सवय तिथून उचला. बाकी रूप जुनाट वाटलं तरी चालेल.

जामोवी आणि ॲम्स्टरडॅम विद्यापीठातलं जास्प ही मेनूवर चालणारी संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर, दोन्ही दिसायला आधुनिक आहेत. डावीकडे पर्याय, उजवीकडे निकाल, आणि पर्याय बदलला की निकाल लगेच बदलतो. टी टेस्ट, काय-स्क्वेअर, कोरिलेशन एवढंच हवं असेल तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयातल्या रेसिडेंट डॉक्टरला जामोवी टाकून द्या आणि तुमचे दोन महिने वाचवा. स्वतःचं ॲप तेव्हाच बांधा, जेव्हा विभागाला ठरावीक साच्यातलं टेबल हवं असतं आणि ते कुठेच मिळत नाही. कृषी महाविद्यालयातलं सीडीचं टेबल हे त्याचं उत्तम उदाहरण.

शाइनी २०१२ मध्ये आलं. ते बनवणाऱ्या आरस्टुडिओ कंपनीचं नाव २०२२ पासून पॉझिट आहे, त्यामुळे मदत शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

२. एकच विश्लेषण निवडा आणि ते कागदावर सोडवा

पहिल्या ॲपमध्ये आरबीडी, सीआरडी, स्प्लिट प्लॉट आणि फॅक्टोरियल असे प्रयोगांचे सगळे प्रकार कोंबू नका. एकावर थांबा. ७ ट्रीटमेंट आणि ३ रेप्लिकेशनचा, म्हणजे ३ ब्लॉकचा प्रयोग घेऊ. एकूण २१ प्लॉट. डिग्रीज ऑफ फ्रीडम (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या किमतींची संख्या) अशा पडतात: रेप्लिकेशन २, ट्रीटमेंट ६, एरर १२, एकूण २०. हे चार आकडे पाठ करा. पुढे ॲप चुकतंय का हे ओळखायची सगळ्यात जलद खूण तीच आहे.

समजा एरर मीन स्क्वेअर (ट्रीटमेंट आणि ब्लॉकचा फरक काढल्यावर उरलेल्या चढउताराचं माप) १.९२ आला आणि सर्वसाधारण सरासरी १५.४ क्विंटल प्रति हेक्टर आहे. मग:

- एसई(एम) म्हणजे १.९२ भागिले ३ याचं वर्गमूळ: ०.८०
- दोन सरासरींमधल्या फरकाचा एसई म्हणजे ०.८० गुणिले २ चं वर्गमूळ: १.१३
- १२ डिग्रीजला ५ टक्क्यांची टी किंमत २.१७९, म्हणून सीडी: २.४७
- सीव्ही म्हणजे १.९२ चं वर्गमूळ भागिले १५.४, गुणिले १००: ९.० टक्के

हा कागद जपून ठेवा. कोडमध्ये काहीही बदललं की ॲपने हेच आकडे परत दिले पाहिजेत.

३. आधी फंक्शन, मग पडदा

नवशिक्यांचं पहिलं पाऊल इथेच चुकतं. शाइनीची फाइल उघडून थेट बटणं काढायला घेतात आणि गणित बटणांच्या मध्ये विखुरतं. आधी साध्या आर फाइलमध्ये एक फंक्शन लिहा. त्याला डेटा, ट्रीटमेंटचा कॉलम, रेप्लिकेशनचा कॉलम आणि मोजमापाचा कॉलम द्यायचा. त्याने अनोव्हा टेबल (एकूण चढउताराची कारणांनुसार फोड), सरासरी, एसई(एम), सीडी आणि सीव्ही एका लिस्टमध्ये परत द्यायचं. त्यात शाइनीचा एकही शब्द नको.

फायदा असा की हे फंक्शन पडद्याशिवाय तपासता येतं. टेस्टदॅट पॅकेजात वरच्या कागदावरचे आकडे घाला, म्हणजे गणिताला धक्का लागला की चाचणी लगेच सांगेल. उद्या शाइनी सोडून जामोवीचं मोड्यूल करायचं ठरलं, तरी हेच फंक्शन तिथे जसंच्या तसं चालतं.

अनोव्हा काढणाऱ्या आव्ह फंक्शनचा फॉर्म्युला लिहिताना रेप्लिकेशन आधी आणि ट्रीटमेंट नंतर लिहा. सगळे प्लॉट भरलेले असतील तर क्रमाने फरक पडत नाही. एखादा प्लॉट गेलेला असेल तर पडतो, कारण आर बेरजा क्रमाने काढतं. रेप्लिकेशन आधी असलं तरच ट्रीटमेंटचा परिणाम ब्लॉकचा फरक वजा करून मिळतो.

४. फाइल आत घेण्याचा पडदा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

विभागातून आणलेल्या खऱ्या फाइली आता उघडा. एका नमुनेदार शीटमध्ये काय दिसतं ते बघू. पहिल्या ओळीत जोडलेल्या सेलमध्ये मोठ्या अक्षरात प्रयोगाचं शीर्षक. दुसरी ओळ रिकामी. तिसऱ्या ओळीत कॉलमची नावं. ट्रीटमेंटच्या कॉलममध्ये टी-१ एकदाच लिहिलेलं आणि खालचे दोन सेल त्याच्यात जोडलेले. उत्पादनाच्या कॉलममध्ये एका जागी '१४.२ क्विं.', एका जागी आडवी रेघ, आणि सगळ्यात खाली 'सरासरी' नावाची ओळ. माणसाला हे वाचायला सोपं जातं. आरला यातलं जवळपास काहीच कळत नाही.

जोडलेल्या सेलपैकी फक्त पहिल्यात किंमत असते, बाकीचे रीडएक्सएलला रिकामे दिसतात. ॲपने हे ओळखून वरची किंमत खाली उतरवावी, पण गुपचूप नव्हे: 'ट्रीटमेंटच्या कॉलममध्ये १४ रिकामे सेल वरच्या किमतीने भरले' असं पडद्यावर लिहा. ७ ट्रीटमेंट आणि ३ ओळींच्या शीटमध्ये तो आकडा १४ च यायला हवा. वेगळा आला तर वापरणाऱ्यालाच शंका येईल आणि तो थांबेल.

एकाच सेलमध्ये 'क्विं.' लिहिलं असेल तरी रीडएक्सएल तो पूर्ण कॉलम मजकूर समजतं. मग सरासरी निघत नाही आणि आर एक इंग्रजी एरर फेकतं. तुमच्या ॲपने त्याऐवजी नेमका सेल दाखवला पाहिजे: 'उत्पादन कॉलम, ९ वी ओळ: "१४.२ क्विं." हा आकडा नाही.' 'फाइल चुकीची आहे' एवढंच सांगणारं ॲप लोक दुसऱ्यांदा उघडत नाहीत.

देवनागरी अंकांची अडचण इथलीच आहे. शीटमध्ये '१५.४' देवनागरीत टाइप केलेलं असेल तर आरला ते अक्षर वाटतं. चारटीआर फंक्शनने शून्य ते नऊ हे दहा देवनागरी अंक त्यांच्या रोमन जोडीदारांत बदला, मग ॲज-न्यूमेरिक लावा. एक सापळा लक्षात ठेवा: कॉलम फॅक्टर (आर ज्याला गटांची नावं समजतं असा) असेल तर ॲज-न्यूमेरिक मूळ आकडे देत नाही, गटांचे, म्हणजे लेव्हलचे क्रमांक देतं. एररही येत नाही, फक्त उत्तर चुकतं. आधी ॲज-कॅरेक्टर, मग ॲज-न्यूमेरिक, हा क्रम कधीही मोडू नका.

ट्रीटमेंटची नावं हा वेगळाच घोळ आहे. 'टी१', 'टी १' आणि मागे एक स्पेस राहिलेलं 'टी१ ' ही आरच्या हिशेबी तीन निरनिराळी नावं. ट्रिमडब्ल्यूएसने कडेच्या मोकळ्या जागा काढा, मधल्या जागाही काढा, रोमन अक्षरं असतील तर सगळी एकाच आकारात आणा. नंतर पडद्यावर सापडलेल्या नावांची यादी आणि प्रत्येकाची संख्या दाखवा. ७ च्या जागी ९ नावं दिसली की माणूस स्वतःच ओळखतो.

सीएसव्ही फाइल स्वीकारणार असाल तर आणखी दोन गोष्टी. एक्सेलमधून साधी सीएसव्ही जतन केली की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत सुधारता येत नाहीत. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा, असं फाइल निवडायच्या बटणाखाली लिहून ठेवा. दुसरं, रीड-सीएसव्ही फंक्शन कॉलमच्या नावातल्या मोकळ्या जागांचं टिंब करतं. चेक-नेम्स हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर वापरणाऱ्याला स्वतःचे कॉलम ओळखू येत नाहीत.

खालची 'सरासरी' किंवा 'एकूण' ओळ आपोआप काढू नका. ती शोधा, पिवळ्या रंगात दाखवा आणि 'ही ओळ विश्लेषणातून वगळू का?' असं विचारा. फाइलच्या आकाराची शाइनीची मूळ मर्यादा ५ एमबी आहे. शेतीप्रयोगाला ती भरपूर झाली. हवामानाच्या नोंदी घेणार असाल तर शाइनी-मॅक्स-रिक्वेस्ट-साइज या ऑप्शनने वाढवा, आणि आकडा बाइटमध्ये द्यायचा असतो हे विसरू नका.

५. 'एक ओळ म्हणजे काय?' हा प्रश्न विचारायलाच हवा

ट्रीटमेंट १, २, ३ अशा नुसत्या आकड्यांत लिहिल्या असतील तर आर त्यांना मोजमाप समजतं, म्हणजे ट्रीटमेंट ७ ही ट्रीटमेंट १ च्या सातपट. अनोव्हा निघतो, पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) निघते, टेबल देखणं दिसतं आणि सगळं चूक असतं. खूण अशी: ट्रीटमेंटसमोर ६ च्या जागी १ डिग्री दिसते. रेप्लिकेशनही आकड्यात असेल तर तिथे २ च्या जागी १, आणि एररला १२ च्या जागी १८. तुमच्या फंक्शनने दोन्ही कॉलम कायम फॅक्टर करावेत. वरून, टेबल दाखवायच्या आधी डिग्रीज पडताळाव्यात: ट्रीटमेंटच्या डिग्रीज म्हणजे नावांची संख्या उणे एक. जुळलं नाही तर निकाल दाखवूच नका.

यापेक्षा खोल चूक संत्र्याच्या प्रयोगात होते. एका ट्रीटमेंटच्या एका झाडावरून पाच फळं तोडली, प्रत्येकाचं वजन वेगळ्या ओळीत लिहिलं, आणि ॲपला पाच रेप्लिकेशन सांगितल्या. ती रेप्लिकेशन नव्हे. ट्रीटमेंट झाडाला किंवा प्लॉटला दिली होती, फळाला नाही. एरर डिग्रीज फुगतात, सीडी लहान होते आणि नसलेला फरक 'सिग्निफिकंट', म्हणजे योगायोगापलीकडचा ठरतो. आंबिया बहार असो की मृग, नियम तोच.

म्हणून फाइल वाचून झाली की ॲपने सरळ विचारावं: 'तुमच्या शीटमधली एक ओळ म्हणजे काय?' पर्याय तीन ठेवा: एक प्लॉट, एक झाड, किंवा एकाच झाडाचा अथवा प्लॉटचा एक नमुना. तिसरा निवडला तर आधी प्लॉटची सरासरी काढून मगच पुढे जायचं, आणि तसं पडद्यावर लिहायचं. त्यानंतर ट्रीटमेंट आणि रेप्लिकेशनची जोडी प्रत्येकी नेमकी एकदाच आली आहे का ते तपासा. जोडी कमी असेल तर कोणता प्लॉट नाही ते नावानिशी सांगा. मिसिंग प्लॉटचं सूत्र पहिल्या आवृत्तीत घालू नका. सांगून थांबणं पुरेसं आहे.

६. मांडणी आणि बटण

डावीकडे पट्टी, उजवीकडे निकाल. बीएसलिबचं पेज-साइडबार यासाठी नीट आहे. डावीकडे वरून खाली क्रम कामाचाच ठेवा: फाइल, शीट, कॉलम, प्रश्न, बटण. पुढची पायरी आधीची पूर्ण झाल्यावरच दिसू द्या. कॉलम निवडायच्या यादीत पहिलं नाव आपोआप निवडलेलं नको. रिकामी जागा ठेवा, नाहीतर लोक न बघता पुढे जातात.

निकाल 'विश्लेषण करा' या बटणावरच यावा, यावर ठाम राहा. पर्याय बदलला की आकडे लगेच बदलणं दिसायला छान वाटतं. पण मग माणूस फरक सिग्निफिकंट दिसेपर्यंत पर्याय बदलत बसतो, आणि ही सवय ॲपने लावायची नाही. बटणासाठी इव्हेंट-रिॲक्टिव्ह किंवा बाइंड-इव्हेंट वापरा. बटण दाबल्यावर कोणी फाइल किंवा कॉलम बदलला, तर जुना निकाल फिकट करा आणि 'हा निकाल आधीच्या निवडीचा आहे' असं वर लिहा.

बटणांची भाषा मराठी ठेवा, पण विद्यार्थी जो शब्द बोलतात तोच वापरा. 'ट्रीटमेंट' सगळ्यांना कळतं. 'प्रक्रिया घटक' लिहिलं की विचारावं लागतं. फाइल-इनपुटमधला 'ब्राउझ' शब्द आणि 'फाइल निवडलेली नाही' हा मजकूर बटण-लेबल आणि प्लेसहोल्डर या पर्यायांनी बदलता येतो. अपलोड झाल्यावर पट्टीत येणारं इंग्रजी वाक्य मात्र तिथून बदलत नाही, ते सोडून द्या. ॲपची फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते बघा.

बांधताना हमखास येणाऱ्या अडचणी:

- यूआयमध्ये, म्हणजे पडद्याच्या मांडणीच्या कोडमध्ये, एक स्वल्पविराम राहिला किंवा जास्तीचा पडला की ॲप बहुधा सुरूच होत नाही. एरर भलत्याच ओळीकडे बोट दाखवते. कंस आरस्टुडिओत उजळवून बघा.
- 'ऑब्जेक्ट ऑफ टाइप क्लोजर इज नॉट सबसेटेबल': रिॲक्टिव्हच्या (इनपुट बदललं की आपोआप बदलणाऱ्या किमतीच्या) नावापुढे रिकामे कंस द्यायचे राहिले.
- एकच आउटपुट आयडी दोन ठिकाणी लिहिला तर निकालाची जागा कोरी राहू शकते.
- पडदा अचानक राखाडी होऊन बंद पडला तर ऑब्झर्व्हमध्ये (इनपुट बदलल्यावर काम करणाऱ्या कोडमध्ये) एरर आहे. रेंडरमधली (निकाल पडद्यावर काढणाऱ्या कोडमधली) एरर लाल अक्षरात दिसते, ऑब्झर्व्हमधली पूर्ण सेशन घेऊन जाते.
- दुहेरी बाणाने डेटा बाहेरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. एकाच आर प्रोसेसवर दोघे काम करत असतील तर एकाची फाइल दुसऱ्याला दिसते. अपलोड केलेला डेटा सर्व्हर फंक्शनच्या आतच राहू द्या.

७. आरचे इशारे वापरणाऱ्यापर्यंत पोचवा

आर पुष्कळदा उत्तर देतं आणि सोबत इशाराही देतं. तो इशारा कन्सोलवर छापला जातो, आणि तुमच्या वापरणाऱ्यासमोर कन्सोल नसतोच. काय-स्क्वेअरमध्ये अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेल्या की आर 'अंदाज बरोबर नसू शकतो' असं सांगतं. ॲपमध्ये मात्र फक्त पी व्हॅल्यू दिसते आणि ती थेट थिसिसमध्ये जाते.

यासाठी विथ-कॉलिंग-हँडलर्स वापरा. इशारा पकडायचा, यादीत टाकायचा, मफल-वॉर्निंग हा रीस्टार्ट बोलवायचा आणि गणित पुढे चालू द्यायचं. ट्राय-कॅच वापरलं तर पहिल्याच इशाऱ्यावर गणित थांबतं आणि निकाल हातात येत नाही. पकडलेले इशारे निकालाच्या वर, मराठीत दाखवा. खाली टाकले तर कोणी वाचत नाही.

आरच्या मूळ निवडीही लिहून दाखवा. टी टेस्टमध्ये आर दोन्ही गटांचं व्हेरिअन्स समान धरत नाही, वेल्चची पद्धत वापरतं. दोन बाय दोनच्या काय-स्क्वेअरला येट्सची दुरुस्ती लावतं. आव्ह क्रमाने बेरजा काढतं, तर एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं दुसरं सॉफ्टवेअर सहसा टाइप थ्री, म्हणजे क्रमावर न अवलंबणाऱ्या बेरजा देतं. गाइड जेव्हा म्हणतात, 'पुस्तकात वेगळं उत्तर आहे', तेव्हा कारण बहुधा यातलंच एक असतं. निकालाखाली एका ओळीत पद्धतीचं नाव असेल तर तो वाद दोन मिनिटांत मिटतो.

८. टेबल आणि आलेख

टेबलमध्ये ट्रीटमेंट, सरासरी, आणि खाली एसई(एम), सीडी, सीव्ही. अनोव्हातली एफ टेस्ट सिग्निफिकंट नसेल तर सीडीचा आकडा छापू नका, तिथे 'एनएस' (नॉन-सिग्निफिकंट) लिहा. आकडा दिसला की कोणीतरी तो वापरतोच. पी व्हॅल्यू '०.०००' कधीही नको, '०.००१ पेक्षा कमी' असं लिहा. दशांश सगळीकडे दोन ठेवा, पण आतलं गणित पूर्ण अचूकतेने होऊ द्या. आधी राउंड करून मग सीडी काढली तर कागदावरचा २.४७ जुळणार नाही.

७ ट्रीटमेंटच्या २१ जोड्या होतात. प्रत्येक जोडी सीडीने तपासली तर निव्वळ योगायोगाने एखादी जोडी वेगळी दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून बरीच वाढते. सगळ्या जोड्यांचा एकत्र विचार करणाऱ्या टुकीच्या चाचणीचा पर्याय शेजारी द्या आणि कोणता वापरला ते टेबलच्या तळाशी छापा.

पडद्यावर मराठी असली तरी डाउनलोड होणारं टेबल इंग्रजीत द्या, कारण थिसिस इंग्रजीत असतो. राइटएक्सएलने थेट एक्सेल फाइल काढा. डाउनलोडचं बटण आरस्टुडिओच्या आतल्या खिडकीत तपासू नका, तिथे फाइलचं नाव गडबडतं. 'ब्राउझरमध्ये उघडा' दाबून मग तपासा.

आलेखावर देवनागरी लिहिली की चौकोन येतात किंवा जोडाक्षरं फुटतात. रॅग पॅकेज टाकलेलं असेल तर शाइनी आलेखांसाठी तेच वापरतं, आणि जोडाक्षरं नीट जुळतात. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या. तो ज्या संगणकावर ॲप चालतं तिथे बसवलेला हवा, तुमच्या लॅपटॉपवर असून उपयोग नाही. आरचं मूळ पीडीएफ डिव्हाइस देवनागरीसाठी वापरू नका, रॅगने ३०० डीपीआयची पीएनजी काढा.

९. स्क्रिप्ट बाहेर द्या

निकालाशेजारी 'आर कोड' नावाचा टॅब हवा. त्यात वापरणाऱ्याने निवडलेली फाइल, कॉलमची नावं, वगळलेल्या ओळी आणि फंक्शनची हाक, हे सगळं चालणाऱ्या स्क्रिप्टच्या रूपात असावं. वर आर आणि पॅकेजेसच्या आवृत्त्या आणि तारीख. शाइनीमेटा नावाचं पॅकेज हे काम करतं. एकाच विश्लेषणाचं ॲप असेल तर ग्लू किंवा पेस्टने ओळी जोडूनही भागतं.

कसोटी एकच: ती स्क्रिप्ट कोऱ्या आर सेशनमध्ये चिकटवली की तेच आकडे आले पाहिजेत. न आल्यास ॲप काहीतरी लपवतंय, आणि ते शोधल्याशिवाय कोणालाही वापरायला देऊ नका. व्हायवाच्या वेळी 'हे कसं काढलं?' या प्रश्नाला विद्यार्थ्याकडे असलेलं हेच एकमेव खरं उत्तर आहे.

१०. ज्याला कोड येत नाही त्याच्यासमोर ठेवा

एका विद्यार्थ्याला त्याची स्वतःची फाइल घेऊन बसवा आणि गप्प राहा. 'इथे क्लिक कर' म्हणू नका. तो कुठे थांबतो, माउस कुठे घुटमळतो आणि काय मोठ्याने वाचतो ते लिहा. शेवटी विचारा: 'या टेबलवरून कोणती ट्रीटमेंट चांगली, आणि का?' त्याने नुसती सगळ्यात मोठी सरासरी सांगितली तर पडदा अजून अपुरा आहे. सीडीशी तुलना करून सांगितलं तर जमलं. पाच जण असे बसवले की बहुतेक अडचणी हाती लागतात. एखादा गाइडही त्यात असू द्या, कारण त्यांचे प्रश्न वेगळे असतात.

११. कुठे चालवायचं

लॅबमध्ये एकाच संगणकावर ॲप चालवून बाकीच्यांना ब्राउझरमधून जोडता येतं. रन-ॲपला होस्ट म्हणून चार शून्यांचा पत्ता आणि एक ठरावीक पोर्ट द्या. विंडोजची फायरवॉल विचारेल, तिथे खासगी नेटवर्कला परवानगी द्या. एकच आर प्रोसेस असल्याने एकाचं गणित चालू असताना दुसऱ्याला क्षणभर थांबावं लागतं. आरबीडीसाठी हे चालून जातं.

रुग्णांचा डेटा असेल तर बाहेरच्या सर्व्हरवर नेऊ नका. तिथे शाइनीलाइव्ह उपयोगी आहे: आर स्वतः ब्राउझरमध्ये चालतं आणि फाइल त्या संगणकाबाहेर जात नाही. पहिल्यांदा उघडताना बरंच डाउनलोड होतं, आणि प्रत्येक पॅकेज तिथे चालतंच असं नाही, म्हणून अवलंबित्व कमी ठेवा. तयार झालेल्या फोल्डरमधली इंडेक्स फाइल डबल-क्लिक करून उघडत नाही, तिला छोटा वेब सर्व्हर लागतो. एचटीटीपीयूव्ही पॅकेजातलं रन-स्टॅटिक-सर्व्हर त्यासाठी पुरे.

ॲप कोणाला द्यायच्या आधी रेनव्हने पॅकेजेसच्या आवृत्त्या गोठवा आणि लॉक फाइल ॲपसोबत ठेवा. लॅबमध्ये इंटरनेट नसेल तर त्याच विंडोजवर, आरची तीच आवृत्ती असलेल्या संगणकावर पॅकेजेस बसवा आणि लायब्ररीचं फोल्डर पेनड्राइव्हने उचलून न्या. ४.३ ची लायब्ररी ४.४ ला लावू नका. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी नको. नेल्यावर त्याच संगणकावर तो ७ बाय ३ चा प्रयोग एकदा चालवा आणि सीडी २.४७ येते का ते बघून मगच लॅबची चावी परत करा.